बेस६४ डिकोड होतं, एरर येत नाही, तरी फाइल उघडत नाही: पायथनमधलं समस्या निवारण

बेस६४ म्हणजे फाइलचे बाइट साध्या अक्षरांत मांडायची पद्धत. अशी स्ट्रिंग डिकोड करून, म्हणजे तिचे पुन्हा बाइट करून, फाइल सेव्ह केली की तीनपैकी एक गोष्ट होते. फाइल नीट उघडते, किंवा ‘इनकरेक्ट पॅडिंग’ अशी एरर येते, किंवा एरर येत नाही, फाइल तयार होते, आकारही पटण्यासारखा असतो, पण फोटो दिसत नाही आणि पीडीएफ रीडर फाइल खराब असल्याचं सांगतो. ही तिसरी अवस्था सगळ्यांत वाईट. कोडमध्ये चुकीची कुठलीच खूण उरत नाही, आणि खराब फाइल डेटाबेसमध्ये, तिथून ग्राहकाच्या मेलमध्ये जाऊन पोचते.

हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो आणि त्याचं ठरलेलं उत्तरही पुन्हापुन्हा दिलं जातं: ‘शेवटी == जोडून बघा.’ कधी त्याने काम होतं. बहुतेक वेळा फक्त एरर गप्प होते. म्हणून उपायाआधी कारण बघू.

डिकोडर नेमकं काय करतो

तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला ६४पैकी एक अक्षर द्यायचं: कॅपिटल २६, स्मॉल २६, अंक १०, शिवाय + आणि /. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, त्यामुळे फाइल साधारण एक-तृतीयांशाने फुगते. शेवटी एकच बाइट उरला तर == येतं, दोन उरले तर =. या = लाच पॅडिंग म्हणतात.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी की अक्षराइतकीच त्याची जागाही महत्त्वाची आहे. मध्येच एक अक्षर घुसलं किंवा गळलं, की तिथून पुढचे सगळे बिट सहाने सरकतात आणि उरलेली पूर्ण फाइल निरर्थक होते.

आता पायथनकडे वळू. बेस६४ मॉड्यूलमधल्या बी६४डिकोड फंक्शनला ‘व्हॅलिडेट’ नावाचं एक आर्ग्युमेंट आहे आणि ते मुळात ‘फॉल्स’ असतं. म्हणजे ६४ अक्षरांच्या बाहेरचं काहीही दिसलं, तर फंक्शन ते चुपचाप टाकून देतं आणि पुढे जातं. पॅडिंग बरोबर आहे का, हे त्यानंतर तपासलं जातं. बहुतेक भानगडींचं मूळ इथे आहे.

हा ढिलेपणा पायथनने मनाने आणलेला नाही. १९९६चं ईमेलचं माइम मानक, आरएफसी २०४५, सांगतं की डिकोडरने अनोळखी अक्षरांकडे दुर्लक्ष करावं. ईमेलमध्ये ७६ अक्षरांवर ओळ तुटते आणि वाटेतले सर्व्हर काहीबाही मिसळू शकतात, त्यामुळे तिथे ते योग्यच आहे. २००६चं बेस६४चं मानक, आरएफसी ४६४८, मात्र उलट सांगतं: वेगळी सूचना नसेल तर अनोळखी अक्षर असलेला डेटा नाकारलाच पाहिजे. आपण आज एपीआय, जेसन आणि डेटाबेस यांच्यासाठी बेस६४ वापरतो आणि डिकोडर मात्र ईमेलच्या सवयीचा असतो. माझं ठाम मत आहे की ईमेल सोडून बाकी सगळीकडे व्हॅलिडेट ‘ट्रू’ असलंच पाहिजे.

एका अडचणीची कल्पना असू द्या. व्हॅलिडेट चालू केलं की ओळतोडही अनोळखी अक्षर ठरते आणि ७६ अक्षरांवर तुटलेली साधी, निरोगी स्ट्रिंगसुद्धा नाकारली जाते. त्यामुळे आधी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन काढा, मग व्हॅलिडेट करा. फक्त ही दोनच काढा. स्प्लिट आणि जॉइन करून सगळ्या मोकळ्या जागा एकदम उडवण्याची पद्धत खूप ठिकाणी दिसते, ती इथे धोक्याची आहे. का ते + च्या भागात येईल.

आधी इनपुट बघा

डिकोड करण्याआधी चार गोष्टी छापा: स्ट्रिंगची लांबी, लांबीला ४ने भागल्यावरची बाकी, पहिली साठेक आणि शेवटची वीसेक अक्षरं (रेप्र वापरून, म्हणजे लपलेली न्यूलाइन दिसेल), आणि अनोळखी अक्षरांची यादी. यादीसाठी स्ट्रिंगचा सेट काढायचा, त्यातून ६४ अक्षरं आणि = वजा करायचं, उरेल ते छापायचं. एवढ्या एका ओळीवर बऱ्याच प्रकरणांचं कारण कळतं.

कोलन, सेमीकोलन आणि स्वल्पविराम उरले तर सुरुवातीला डेटा यूआरएलची शेपटी लागलेली आहे. एकेरी अवतरण उरलं तर बाइट्सवर एसटीआर फंक्शन चालवलेलं आहे. - किंवा _ उरलं तर यूआरएल-सुरक्षित बेस६४ आहे. मोकळी जागा उरली तर + हरवलेलं आहे. उलटा स्लॅश म्हणजे एस्केप उलगडायचं राहिलं. पूर्णविराम म्हणजे अख्खं जेडब्ल्यूटी (पूर्णविरामांनी जोडलेल्या तीन भागांचं, सही केलेलं टोकन) दिलं गेलंय. % म्हणजे यूआरएल डिकोड करायचं राहिलं. यात % टाकलं जातं पण त्याच्या मागचे अंक आणि अक्षरं ‘ओळखीची’ म्हणून आत शिरतात. & आणि # एकत्र दिसले तर एक्सएमएलमधला कॅरेज रिटर्न न उलगडता आलाय, तिथेही आतला १३ हा आकडा डेटात मिसळतो. < आणि > दिसले तर बहुधा तुम्ही सर्व्हरचं एररचं एचटीएमएल पान डिकोड करताय.

पहिल्या अक्षरांवरूनही फाइलचा प्रकार ओळखता येतो, कारण प्रत्येक प्रकाराचे पहिले बाइट ठरलेले असतात. जेपेग असेल तर स्ट्रिंग स्लॅश, ९, स्मॉल जे, स्लॅश अशी सुरू होते. पीडीएफची सुरुवात कॅपिटल जे-व्ही-बी-ई-आर अशी. झिप आणि त्याच घडणीच्या डॉकएक्स, एक्सएलएसएक्स फाइल्स कॅपिटल यू-ई, स्मॉल एस, कॅपिटल डी-बी. पीएनजी स्मॉल आय आणि मग कॅपिटल व्ही-बी-ओ-आर. ही चार सुरुवात डोळ्यांत बसली की लॉग वाचताना फार वेळ वाचतो.

डेटा यूआरएलची शेपटी: जेपेगला गप्प, पीएनजीला एरर

ब्राउझरमध्ये फाइलरीडरच्या ‘रीड ॲज डेटा यूआरएल’ने फाइल वाचली की बेस६४च्या आधी ‘डेटा, कोलन, इमेज स्लॅश पीएनजी, सेमीकोलन, बेस६४, स्वल्पविराम’ असा मजकूर येतो. फ्रंटएंड तो तसाच पाठवतो आणि बॅकएंड सगळं डिकोड करायला घेतो.

कोलन, सेमीकोलन आणि स्वल्पविराम टाकले जातात. पण ‘डेटा’, ‘इमेज’, ‘बेस६४’ या इंग्रजी शब्दांतली सगळी अक्षरं आणि मधला स्लॅश बेस६४च्या वर्णमालेतलेच आहेत. ते डेटा म्हणूनच धरले जातात. आता मोजा: डेटाची ४, इमेज-स्लॅश-पीएनजीची ९, बेस६४ची ६, एकूण १९. चारने भागून बाकी ३. म्हणून पीएनजीला शेपटीसकट डिकोड केलं की हमखास एरर येते.

जेपेगमध्ये एक अक्षर जास्त, म्हणजे ४, १० आणि ६ मिळून २०. चारने पूर्ण भाग जातो! त्यामुळे जेपेगला एररच येत नाही. फाइलच्या सुरुवातीला १५ निरर्थक बाइट येतात आणि त्यानंतर खरा फोटो जसाच्या तसा. पीडीएफची मोजणी २५वर जाते, बाकी १. मूळ स्ट्रिंगच्या शेवटी = नसेल तर ‘चारच्या पटीपेक्षा एक जास्त’ अशी एरर येते; एक किंवा दोन = असतील तर ती आयती जुळतात आणि अख्खी फाइल एका अक्षराने सरकून गप्पपणे बिघडते.

‘पीएनजी चालत नाही, जेपेग अपलोड होतं पण दिसत नाही, पीडीएफचं कधी होतं कधी नाही’ अशी तक्रार आली तर आता वेगळं काही शोधायची गरज नाही. उपाय सरळ: स्ट्रिंग ‘डेटा कोलन’ने सुरू होत असेल तर पहिल्या स्वल्पविरामावर एकदाच तोडा आणि उजवा भाग घ्या. जेपेगच्या आधीच साठवून ठेवलेल्या खराब फाइल्स परत मिळवता येतात, पहिले १५ बाइट कापले की झालं. सरकलेल्या पीडीएफसाठी मूळ स्ट्रिंग लागेल.

याच जातीचं एक प्रकरण विंडोजवर भेटतं. तिथल्या सर्टयूटिल कमांडने कुठलीही फाइल एन्कोड केली तरी वर-खाली सर्टिफिकेटच्या ‘बिगिन’ आणि ‘एंड’ ओळी येतात. डॅश टाकले जातात, वरच्या ओळीतली १६ अक्षरं राहतात, पुन्हा चारच्या पटीत. निकाल: मूळ स्ट्रिंगच्या शेवटी = असेल तर एररशिवाय सुरुवातीला १२ बाइटांचा कचरा. डॅशने सुरू होणाऱ्या ओळी आधी काढून टाका.

बाइट्सवर एसटीआर चालवणं

पायथन ३मध्ये बी६४एन्कोड स्ट्रिंग देत नाही, बाइट्स देतं. ते जेसनमध्ये बसत नाहीत, मग कुणीतरी एसटीआर फंक्शन लावतं. त्याने स्मॉल बी आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं असलेली स्ट्रिंग तयार होते. डिकोड करताना अवतरणं गळतात, बी मात्र राहतो, आणि सगळा डेटा एका अक्षराने सरकतो. पॅडिंग नसलेल्या फाइल्सना एरर येते, पॅडिंग असलेल्या फाइल्स गप्पपणे बिघडतात. म्हणजे साधारण तीनातली एकच फाइल तक्रार करते, आणि ‘कधीकधीच एरर येते’ असा समज होऊन लोक नेटवर्कवर संशय घेत बसतात.

पाठवणाऱ्या बाजूला एसटीआरऐवजी बाइट्सचं आस्की डिकोड करा. आधीच साठवलेल्या स्ट्रिंग्ज असतील तर पुढची दोन आणि मागचं एक अक्षर काढा, डेटा शाबूत असतो.

+ ची मोकळी जागा होणं आणि यूआरएल-सुरक्षित प्रकार

फॉर्म डेटामध्ये + म्हणजे मोकळी जागा असा अर्थ असतो. बेस६४ तसंच फॉर्ममधून किंवा क्वेरी स्ट्रिंगमधून पाठवलं, तर सर्व्हरवर प्रत्येक + ची मोकळी जागा झालेली असते. ढिला डिकोडर ती टाकतो आणि प्रत्येक ठिकाणी डेटा सहा बिटांनी सरकतो. फाइलची सुरुवात बरोबर, पुढे कुठेतरी बिघाड, असं लक्षण दिसतं.

वर सगळ्या मोकळ्या जागा उडवू नका म्हटलं ते यासाठी. मोकळी जागा हाच हरवलेल्या + चा एकमेव पुरावा आहे. न्यूलाइन आधी काढा, मग उरलेल्या मोकळ्या जागांच्या ठिकाणी + घाला आणि व्हॅलिडेट करा. बहुतेक वेळा फाइल पूर्ण परत मिळते. कायमचा उपाय पाठवणाऱ्याकडे आहे: पर्सेंट एन्कोडिंग, किंवा जेसन बॉडी, किंवा यूआरएल-सुरक्षित प्रकार.

यूआरएल-सुरक्षित प्रकारात + च्या जागी - आणि / च्या जागी _ असतं, आणि बऱ्याचदा शेवटची = काढलेली असतात. साध्या बी६४डिकोडला हा प्रकार दिला तर - आणि _ अनोळखी म्हणून टाकले जातात. फाइलमध्ये ते नसतील तर काम होतं, असतील तर बिघडतं. छोट्या टेस्टमध्ये चाललेला कोड खऱ्या फाइल्सवर का पडतो याचं हे नेहमीचं कारण. यूआरएलसेफ-बी६४डिकोड नावाचं वेगळं फंक्शन आहे, पण ते पॅडिंग जोडत नाही आणि अनोळखी अक्षरांबाबत तितकंच ढिलं आहे. मी साधं बी६४डिकोडच वापरतो: ऑल्टकॅर्स या आर्ग्युमेंटमध्ये - आणि _ देऊन, व्हॅलिडेट ‘ट्रू’ ठेवून, आणि पॅडिंग स्वतः मोजून.

पॅडिंग जोडणं योग्य असतं ते इथे. जेडब्ल्यूटीच्या मानकातच = काढून टाकायला सांगितलेलं आहे, त्यामुळे लांबीची बाकी २ असेल तर == आणि ३ असेल तर = जोडायचं. बाकी १ असेल तर थांबा. कुठल्याही खऱ्या बेस६४ची बाकी १ येऊच शकत नाही; काहीतरी गळलंय किंवा घुसलंय, आणि कितीही = जोडून ते बरं होणार नाही.

आपल्याकडे जीएसटीच्या ई-इनव्हॉइसवर काम करणाऱ्यांना हे रोज लागतं. पोर्टलकडून येणारा सही केलेला क्यूआर हा जेडब्ल्यूटीच असतो: पूर्णविरामाने जोडलेले तीन भाग. आधी पूर्णविरामावर तोडा आणि मधला भाग डिकोड करा. मजकूर वाचता आला म्हणजे इनव्हॉइस खरं, असं मात्र धरू नका. डिकोड कुणीही करू शकतं. खरेपणा तिसऱ्या भागातली सही सार्वजनिक किल्लीने पडताळल्यावरच कळतो. ही पायरी गाळलेला कोड पाहिला की मला खरंच काळजी वाटते, कारण तो हिशेब पुढे कुणाच्या तरी रिटर्नमध्ये जातो.

‘नोडमध्ये चालतं, पायथनमध्ये नाही’

नोडचं (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं) बफर दोन्ही वर्णमाला आपोआप स्वीकारतं, म्हणून - आणि _ असलेली स्ट्रिंग तिथे बिनतक्रार उघडते. जावामध्ये तीन वेगळे डिकोडर आहेत: साधा डिकोडर कडक, माइमचा ढिला, यूआरएलचा वेगळ्या वर्णमालेचा. गो भाषेत स्टँडर्ड आणि ‘रॉ यूआरएल’ असे प्रकार आधीच निवडावे लागतात. एका भाषेत चाललं हा स्ट्रिंग निरोगी असल्याचा पुरावा नाही. दोन्ही बाजूंना कुठला प्रकार ठरला आहे, हे एपीआयच्या दस्तऐवजात एका ओळीत लिहून ठेवा.

सुरुवात बरोबर, ५७ बाइटांनंतर सगळं बिघडलेलं

इथे आकड्यावरूनच निदान होतं. ७६ अक्षरांच्या एका ओळीत ५७ बाइट बसतात, ६४ अक्षरांच्या ओळीत ४८. बिघाड बरोबर या ठिकाणी सुरू होत असेल तर ओळतोडच दोषी. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा कॉन्फिग फाइलमध्ये किल्ली ठेवताना खऱ्या न्यूलाइनऐवजी उलटा स्लॅश आणि स्मॉल एन अशी दोन अक्षरं ठेवली जातात. डिकोडर उलटा स्लॅश टाकतो, एन मात्र ठेवतो, आणि दर ओळीला एक जादा अक्षर घुसतं. ही दोन अक्षरांची जोडी आधी काढा. जेसन आला असेल तर तो रेग्युलर एक्स्प्रेशनने न फाडता जेसनच्या पार्सरनेच वाचा, एस्केप आपोआप उलगडतात.

फाइल बरोबर १०२४ बाइटांची निघते

किंवा ४०९६, किंवा ८१९२. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचून, प्रत्येक तुकडा वेगळा एन्कोड करून, स्ट्रिंग्ज एकापुढे एक जोडल्या की असं होतं. दोनचा कुठलाही घात तीनने भागला जात नाही. त्यामुळे १०२४च्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी == येतं, म्हणजे जोडलेल्या स्ट्रिंगच्या पोटात जागोजागी पॅडिंग. पायथन ३.११चा ढिला डिकोडर पहिलं पूर्ण पॅडिंग दिसताच थांबतो, पहिला तुकडा परत देतो, आणि बाकी सगळ्या फाइलबद्दल अवाक्षर काढत नाही. व्हॅलिडेट चालू असेल तर पॅडिंगनंतर जादा डेटा असल्याची एरर मिळते.

एन्कोड करताना तुकडा तीनच्या पटीत घ्या, ३०७२ सोयीचा. डिकोड करताना चारच्या पटीत. आधीच बनलेल्या स्ट्रिंग्ज वाचवता येतात: १०२४ बाइटांची १३६८ अक्षरं होतात, तेव्हा दर १३६८ अक्षरांवर तोडून प्रत्येक तुकडा वेगळा डिकोड करा आणि बाइट जोडा.

अर्धा फोटो दिसतो, खाली करडा पट्टा

‘शेवटी == जोडा’ हा सल्ला सगळ्यांत जास्त नुकसान इथे करतो.

मायएसक्यूएलच्या ‘टेक्स्ट’ कॉलममध्ये ६५,५३५ बाइट मावतात. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर त्याहून मोठी स्ट्रिंग कापून साठवली जाते, आणि फक्त एक वॉर्निंग येते जी कुणी वाचत नाही. ६५,५३५ला ४ने भागलं तर बाकी ३. म्हणून डिकोड करताना ‘इनकरेक्ट पॅडिंग’. सल्ला वाचून = जोडलं की एरर जाते आणि ४९,१५१ बाइटांची फाइल मिळते. जेपेग वरून खाली उलगडत असल्याने वरचा भाग दिसतोही. काम झालं असं वाटतं. स्कॅन केलेल्या कागदाचा खालचा भाग, जिथे सही आणि शिक्का असतो, तो कायमचा गेलेला असतो.

एक्सेलमध्येही तेच. एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरं मावतात, त्यालाही ४ने भागून बाकी ३च येते, आणि फाइल निघते २४,५७५ बाइटांची. हे दोन आकडे, ४९,१५१ आणि २४,५७५, कुठे दिसले की डिकोडरचा कोड बाजूला ठेवा आणि साठवण तपासा. बऱ्याच फाइल्सचा आकार अगदी एकसारखा असणं हीसुद्धा तीच खूण.

कॉलम ‘मीडियमटेक्स्ट’ करा, त्यात १६ एमबीपर्यंत बसतं. त्याहून बरं म्हणजे बाइनरी डेटा बेस६४ न करता ‘ब्लॉब’मध्ये किंवा सरळ फाइल म्हणून ठेवा, साठवताना एक-तृतीयांश जागा फुकट घालवण्यात काही अर्थ नाही. कापला गेलेला डेटा मात्र परत येत नाही, तो मूळ ठिकाणाहूनच पुन्हा मागवावा लागतो. म्हणूनच ही एरर दडपू नका. फाइल पुरी आहे का हे शेवटच्या बाइटांवरून बघता येतं: जेपेग एफएफ डी९ने संपते, पीडीएफच्या शेवटी दोन % आणि ईओएफ असतं, पीएनजीच्या शेवटी आयईएनडीचा तुकडा.

स्ट्रिंगमध्ये ७७+९ ची रांग

बेस६४ अगदी शुद्ध, व्हॅलिडेट होतं, बाकी शून्य, तरीही फाइल खराब. मग स्ट्रिंगमध्ये ७७+९ शोधा. जेपेग स्लॅश-९-जे-स्लॅशऐवजी ७७+९७७+९ अशी सुरू होत असेल, तर बिघाड एन्कोड होण्याआधीच झालेला आहे.

पाठवणाऱ्याच्या कोडमध्ये कुणीतरी फाइल मजकूर म्हणून यूटीएफ-८ने वाचली. जे बाइट यूटीएफ-८मध्ये बसत नाहीत, त्यांच्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणून दिसणारं बदली अक्षर घातलं गेलं. त्या अक्षराचे तीन बाइट ईएफ बीएफ बीडी, आणि त्यांचं बेस६४ म्हणजे ७७+९. जेपेगचे पहिले चारही बाइट असे बसत नसल्यामुळे सुरुवातीलाच त्याची चारदा रांग लागते. वेगवेगळे मूळ बाइट एकाच चिन्हात विलीन झाल्यामुळे इथे दुरुस्तीला वाव नाही. पाठवणाऱ्याला हीच रांग दाखवा आणि फाइल बाइनरी मोडमध्ये वाचायला सांगा. हा पुरावा दाखवला की ‘आमच्याकडून बरोबर जातंय’ या उत्तरावर दिवस घालवावे लागत नाहीत.

डिकोड झाल्यावरची गल्लत

बी६४डिकोडने बाइट्स दिले, त्यावर पुन्हा यूटीएफ-८ डिकोड लावलं, आणि ‘शून्याव्या जागी एफएफ हा बाइट डिकोड होत नाही’ अशी एरर आली, तर आनंदाने वाचा: तुमच्याकडे बहुधा निरोगी जेपेग आहे. त्याच जागी ८९ असेल तर पीएनजी. बाइनरी फाइलला दुसरं डिकोड लागतच नाही, ते मराठी किंवा इंग्रजी मजकुरासाठी. एरर टाळायला ‘इग्नोर’ किंवा ‘रिप्लेस’ दिलं तर वरच्या भागातला बिघाड तुम्ही स्वतः घडवाल.

लिहितानाही फाइल ‘डब्ल्यूबी’ मोडमध्येच उघडा. लॅटिन-१ वापरून मजकूर मोडमध्ये लिहिण्याची युक्ती लिनक्सवर चालून जाते, पण विंडोजवर प्रत्येक ०ए बाइटच्या आधी ०डी घुसतो. पीएनजीच्या आठ बाइटांच्या सहीत ०डी ०ए आणि शेवटी सुटा ०ए मुद्दाम ठेवलेला आहे, तो नेमका असा बिघाड पकडण्यासाठी. सही ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए अशी हवी. तिच्यात जादा ०डी दिसला तर मोड चुकलाय.

डिकोड करून पुन्हा बेस६४च निघालं तर दोनदा एन्कोड झालंय. दुहेरी जेपेगची सुरुवात कॅपिटल एल, मग स्मॉल झेड-एल-क्यू अशी असते. आणखी एकदा डिकोड करा, आणि कुठला थर दुसऱ्यांदा एन्कोड करतोय ते शोधून थांबवा. ‘बेस६४सारखं दिसलं तर पुन्हा डिकोड कर’ असा अंदाजपंचे कोड ठेवू नका.

जुन्या यूयू फाइल्स

जुन्या मेल संग्रहांत ‘बिगिन’, तीन आकडी परवानगी आणि फाइलचं नाव अशी पहिली ओळ दिसली, आणि पुढच्या बहुतेक ओळी कॅपिटल एमने सुरू होत असल्या, तर ते बेस६४ नाही. ते यूयूएन्कोड, मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८०मध्ये बर्कलीत लिहिलेलं. एम म्हणजे त्या ओळीत ४५ बाइट. पायथनचं यूयू मॉड्यूल ३.१३मधून काढून टाकलंय, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट इम्पोर्टवरच पडेल. बिनॅस्की मॉड्यूलमधलं ए२बी-यूयू अजून आहे, ते ओळीओळीने वापरा. या प्रकारात मोकळी जागा हाही डेटा असू शकतो, म्हणून ओळींवर स्ट्रिप चालवू नका, फक्त शेवटची न्यूलाइन काढा.

तरीही सुटलं नाही तर

मदत मागताना एवढं द्या: पायथनची आवृत्ती, स्ट्रिंगची लांबी आणि चारने भागून बाकी, रेप्रने छापलेली पहिली साठ आणि शेवटची वीस अक्षरं, अनोळखी अक्षरांचा सेट, डिकोड झालेल्या फाइलचा आकार आणि पहिले सोळा बाइट हेक्समध्ये. पाठवणाऱ्याकडून मूळ फाइलचा आकार आणि शा-२५६ हॅश मिळाला तर फारच उत्तम. दोन हॅश जुळले की डिकोडिंगवरचा संशय संपतो.

अख्खी स्ट्रिंग कुठेही चिकटवू नका, ऑनलाइन डिकोडरच्या साइटवर तर नाहीच. बेस६४ हे कुलूप नाही. त्यात कुणाचं तरी पॅन कार्ड, पगाराची स्लिप किंवा हॉस्पिटलचा रिपोर्ट असतो आणि तो कुणालाही क्षणात वाचता येतो. प्रश्न दाखवायचाच असेल तर एखादा कोरा, छोटा पीएनजी त्याच मार्गाने पाठवून बघा. बिघाड मार्गात असेल तर त्याच्यावरही दिसेल.